मामंजींची १९६८ ची फियाट: नव्यासारखी करावी की जशी आहे तशी चालवावी?

धरमपेठची सून यांचा प्रश्न

नमस्कार. माझे सासरे, ज्यांना आम्ही मामंजी म्हणत असू, गेल्या पावसाळ्यात गेले आणि त्यांची १९६८ सालची फियाट ११०० डिलाइट आमच्या वाट्याला आली. शेवटची बरीच वर्षे ती धरमपेठेतील जुन्या घरामागच्या शेडमध्ये उभी होती. तिचा मूळ राखाडी रंग बोनेटवरून उडाला आहे, पुढच्या सीटचे रेक्झिन तडकले आहे आणि एक टायर पार बसला आहे. परंतु पत्रा कुठेही सडलेला दिसत नाही. आरसी बुक सापडले असून ते मामंजींच्याच नावावर आहे.

एका गॅरेजवाल्याने गाडी पाहून असा प्रस्ताव दिला आहे की, संपूर्ण डेंटिंग-पेंटिंग करून तिला मेटॅलिक लाल रंग द्यावा, जुने इंजिन काढून मारुतीचे बसवावे आणि जोडीला पॉवर स्टिअरिंग व एसी द्यावा. यजमानांच्या मनात तिची विंटेज म्हणून नोंदणी करून ती लग्नकार्यांसाठी भाड्याने द्यावी असे आहे. दिरांचे म्हणणे आहे की, चांगला भाव येत असेल तर विकून मोकळे व्हावे. मला स्वतःला एवढेच वाटते की मामंजी ज्या गाडीतून आम्हाला रामटेकला नेत असत, ती गाडी पुन्हा रामटेकला जावी. इंजिन बदलणे योग्य आहे का, नोंदणीचे काय करावे आणि नागपूरच्या उन्हाळ्यात अशी गाडी चालवता येते का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

फॉर्म एकतीस यांचे उत्तर

आधी कागदपत्रांचे पाहू, कारण गाडीवर खर्च करून झाल्यावर कागदांसाठी धावणारे लोक मी फार पाहिले आहेत. मालकाच्या मृत्यूनंतर वारसाने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला तसे कळवायचे असते आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची असते. मुदत उलटली असली तरी दंड व विलंब शुल्क भरून काम होते. मृत्यूचा दाखला, वारसांचे संमतिपत्र आणि चासी क्रमांकाची पेन्सिल प्रिंट तयार ठेवावी. दीर विक्रीच्या बाजूचे आहेत असे दिसते, तेव्हा त्यांची सही सर्वांत आधी घ्यावी.

खासगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी फॉर्म २५ भरून नूतनीकृत करावी लागते आणि आपल्याकडे त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. इतक्या जुन्या गाडीची नोंद बहुधा संगणकावर चढलेली नसते. ती आधी बॅकलॉग म्हणून चढवून घ्यावी लागते आणि त्यासाठी मूळ आरसी बुक हाच मोठा आधार असतो.

जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे टिकते, पुनर्नोंदणीला ५,००० रुपये पडतात आणि क्रमांकात व्हीए ही अक्षरे येतात. तथापि चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेली गाडी या व्याख्येत बसत नाही, म्हणजे मारुतीचे इंजिन बसवले की विंटेजचा विषयच संपला. शिवाय अशी गाडी रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या किंवा व्यावसायिक वापराला मनाई आहे. भाड्याने देण्याचा बेत आणि विंटेज नोंदणी या दोन्ही गोष्टी एकत्र नांदणार नाहीत. आपल्याला रामटेकला जायचे असेल, तर आहे तीच नोंदणी चालू करून घेणे उत्तम.

चोक ओढा यांचे उत्तर

ताई, सर्वप्रथम त्या गॅरेजवाल्याला नम्रपणे नकार कळवावा आणि शेडला कुलूप लावावे. आपण एका ओळीत लिहून गेलात की पत्रा कुठेही सडलेला नाही. माझ्या दृष्टीने आपल्या संपूर्ण प्रश्नात सर्वांत मौल्यवान ओळ तीच आहे. मुंबईतल्या फियाटींची तळाची पाटी आणि दरवाजांचे तळ खाऱ्या हवेने खाऊन टाकलेले असतात, त्यामुळे तिकडची माणसे पत्रा जोडून जोडून गाडी उभी करतात. आपली नागपूरची हवा पावसाळा सोडला तर कोरडी असते. ती रबर, रेक्झिन आणि माणूस यांना वाळवून टाकते, पण पत्रा राखते. कारखान्यात बसलेला रंग अंगावर असलेली १९६८ ची फियाट नागपूरच्या शेडमध्ये मिळू शकते, आणि तिच्यावर ग्राइंडर फिरवून, वर बोटभर पुट्टी थापून, मेटॅलिक लाल रंग मारला की ती पुन्हा कोणालाही मिळणार नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याने १९६८ मध्ये मेटॅलिक लाल रंगाची डिलाइट काढल्याचे मला कोणी सिद्ध करून दाखवले, तर मी माझी मिशी काढीन.

आता मालकांविषयी. या विषयावर माझी मते कडवट आहेत हे येथील जुन्या सदस्यांना ठाऊक आहे, म्हणून नव्याने माफी मागत नाही. मी कोणाचीही जुनी गाडी पाहायला गेलो की बोनेट न उघडता आधी डिकी उघडायला सांगतो. डिकीत पाण्याचा कॅन, जादा फॅन बेल्ट, इग्निशनच्या पॉइंटचा सेट, ग्रीसगन आणि एक मळके फडके असेल, तर तो मालक आहे. डिकीत मखमल अंथरलेली असेल आणि तिच्यावर रॅलीतल्या ढाली मांडलेल्या असतील, तर तो त्या गाडीचा राखणदार आहे, आणि तोही पगारी नव्हे. पहिल्याच वाक्यात गाडीची किंमत सांगणाऱ्या माणसाकडे मी चहा घेत नाही. जोधपुरी कोट आणि फेटा चढवून बोनेटला टेकून उभे राहणारे, ट्रकवर चढवून गाडी रॅलीच्या मैदानापर्यंत आणणारे आणि तेथे पोचल्यावर शंभर पावले चालवून बक्षीस घेणारे लोक मला आपल्या तान्ह्या पोळ्यातल्या लाकडी बैलांची आठवण करून देतात; सजावट अप्रतिम असते, पण त्या बैलाने कधी शेतात नांगराचे एक तास वाहिलेले नसते. अमुक महाराजांनी शोरूममध्ये अपमान झाला म्हणून रोल्स रॉइस गाड्या कचरा उचलायला लावल्या, ही कथा जो माणूस मला सांगतो, त्याला मी विचारतो की नेमके कोणते महाराज. ती कथा इतक्या संस्थानिकांच्या नावावर खपवली जाते की त्या हिशेबाने देशात कचऱ्यापेक्षा रोल्स रॉइस जास्त असायला हव्या होत्या.

स्टँडर्ड हेरल्ड ही जुनी गाडी बाळगणाऱ्यांसाठी माझा एकच प्रश्न ठरलेला आहे. पुढच्या चाकांच्या ट्रनियनमध्ये, म्हणजे चाक ज्यावर वळते त्या सांध्यात, काय घालता? जो ग्रीस म्हणतो, त्याच्याशी संभाषण तेथेच संपते, कारण त्या पितळी आट्यांमध्ये ईपी ९० गिअर ऑइल घालायचे असते आणि ग्रीस घालणाऱ्याचे चाक एके दिवशी त्याला सोडून पुढे निघून जाते. पूर्वी नागपुरात डॉक्टर मंडळींकडे हेरल्ड असत आणि रोग्याच्या नोंदी ठेवाव्यात तशा त्यांच्या सर्व्हिसच्या नोंदी असत. जुन्या विलीज जीपला रुंद टायर आणि लोखंडी पिंजरे लावणाऱ्यांविषयी मी काही लिहीत नाही, कारण संचालक मजकूर काढून टाकतील.

ताई, आपण रामटेकचे नाव काढलेत, म्हणून मी आपल्याला मालकांच्या पंक्तीत बसवतो. गाडी सुरू करण्याची घाई मात्र करू नये. नवी बॅटरी लावून सेल्फ मारणे हा जुन्या इंजिनाचा जीव घेण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. आधी चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडावे आणि दोन-तीन दिवस तसेच राहू द्यावे. त्यानंतर प्लग न लावता गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून हाताने हळूच पुढे-मागे ढकलावी. इंजिन फिरले तर रिंगा मोकळ्या आहेत. जोर लावावा लागत असेल तर लावू नये, पुन्हा ऑइल सोडून थांबावे. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाकावे, कारण त्याचा आता वार्निश झालेला असतो, आणि टाकी उतरवून धुवावी. क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असणार हे गृहीत धरावे. डेल्कोचे, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे, पॉइंट साफ करावेत आणि उंदरांनी वायरिंग कुठे कुरतडले आहे ते पाहावे. टायरवर नक्षी शाबूत दिसली तरी ते पाचही बदलावेत, माप ५.२०-१४ आहे.

उन्हाळ्याविषयी माझा नियम असा आहे की, १५ एप्रिल ते मृग या काळात जुनी गाडी सकाळी आठनंतर रस्त्यावर दिसू नये. पेट्रोलमधले हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच ४५ अंश असतात, मग बोनेटखाली काय होत असेल याची कल्पना करावी. पंप पेट्रोलऐवजी वाफ ओढू लागतो आणि व्हरायटी चौकाच्या सिग्नलवर गाडी बंद पडते. अशा वेळी ओले फडके पंपावर आणि नळीवर टाकून थांबायचे असते. डिकीतल्या फडक्याचा आग्रह मी उगाच धरत नाही.

उत्तरपाड्याचा जावई यांचे उत्तर

चोक ओढा काकांची मते वाचनीय असतात, परंतु ती ऐकून लोक गाड्या चालवण्याऐवजी त्यांची पूजा करू लागतील अशी मला भीती वाटते. माझ्याकडे १९७० ची अँबेसेडर मार्क टू आहे. हिवाळी अधिवेशनात सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवर एकेकाळी ज्या पांढऱ्या रांगा लागत, त्यांतलीच ती एक. मी ती आठवड्यातून चार दिवस चालवतो आणि ती चालावी म्हणून तिच्यात बदलही केले आहेत.

ज्या शुद्धतेचा काका आग्रह धरतात, ती पेट्रोल पंपावरच संपलेली आहे. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या बीड हेडमधल्या (हेड म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण) व्हॉल्व्हच्या बैठका शिशाच्या थरामुळेच टिकत असत. लांबच्या प्रवासात त्या झिजून टॅपेटचा गॅप संपू लागला, तेव्हा मी हेड उतरवून कडक धातूच्या सीट बसवून घेतल्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येते. ते जुने रबर फुगवते, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) खराब करते आणि हवेतले पाणी शोषून घेते, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साचून गंज धरतो. ताईंनी पेट्रोलच्या सर्व नळ्या आणि डायफ्रॅम इथेनॉल सहन करणारे घ्यावेत आणि टाकीत लागेल तेवढेच पेट्रोल भरावे. १९६८ चा मूळ डायफ्रॅम जपून ठेवण्यात कोणता धर्म आहे?

इंजिन बदलण्याचे म्हणाल, तर अँबेसेडरमध्ये १९९२ पासून खुद्द कंपनीनेच इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन आणि पाच गिअर दिले. कारखान्याने केले ते विकासाचे पाऊल आणि एखाद्या गृहस्थाने केले तर ते पातक, हा न्याय मला समजत नाही. माझ्या आईला मे महिन्यात डॉक्टरकडे न्यायचे असते, तेव्हा मूळ रंगाचा अभिमान तिला गारवा देत नाही.

एका गोष्टीकडे मात्र सर्वांचे दुर्लक्ष झाले आहे. या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. इतकी वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीचे व्हील सिलिंडर जाम झालेले असतात आणि ब्रेकचे होज आतून सुजून बंद झालेले असतात. इंजिन सुरू होण्याच्या आनंदात लोक गाडी फाटकाबाहेर काढतात आणि समोरच्या भिंतीवर थांबतात. मास्टर सिलिंडर, चारही चाकांचे किट, सर्व होज आणि ब्रेक ऑइल बदलल्याशिवाय ती फुटभरही चालवू नये.

चोक ओढा यांचे उत्तर

ब्रेकविषयी जावईबापूंशी मी शब्दशः सहमत आहे आणि ती गोष्ट माझ्याआधी त्यांनी लिहिली याचे मला वाईट वाटते.

बाकीच्या आक्षेपांना उत्तर देतो. व्हॉल्व्हच्या सीट, डायफ्रॅम, नळ्या ही दुरुस्ती आहे. झिजणारी वस्तू बदलण्यासाठीच असते आणि ती बदलायला मी कधीही विरोध केलेला नाही. ज्या बदलाने गाडी परत पूर्वस्थितीत आणता येत नाही, त्या बदलाला माझा विरोध आहे. डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवायचा असेल, तर जरूर बसवावा, फक्त डायनॅमो आणि कटआउट ग्रीस लावून, कागदात गुंडाळून खोक्यात ठेवावेत आणि खोक्यावर तारीख लिहावी. जो बदल एका दुपारी उलटा करता येतो, तो मला चालतो. ज्याच्यासाठी फायरवॉल (इंजिन आणि केबिन यांमधला पत्रा) कापावी लागते, चासीवर नवे माउंटिंग वेल्ड करावे लागते, तो चालत नाही. कारखान्याने इसुझूचे इंजिन बसवले ते त्या मापाने बनवलेल्या नव्या गाडीत. त्यासाठी कोणाच्या घरातली मार्क टू त्यांनी फाडली नव्हती. कायद्याचे म्हणाल, तर इंजिनाचा असा बदल परिवहन कार्यालयाच्या परवानगीने करून आरसीवर चढवून घ्यावा लागतो, याची आठवण गॅरेजवाले सहसा करून देत नाहीत.

मातोश्रींच्या गारव्याला माझा आक्षेप नाही. त्यांना मे महिन्यात डॉक्टरकडे नेण्यासाठी रिक्षाही मिळते.

धरमपेठची सून यांचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. काकांचे उत्तर यजमानांना मोठ्याने वाचून दाखवले आणि लाल रंगाचा विषय तूर्त थांबला आहे. भाड्याचा बेतही फॉर्म एकतीस यांच्या उत्तरानंतर मागे पडला.

काल गाडी पाहताना डॅशबोर्डच्या कप्प्यात एक लांबट वही मिळाली. मामंजींनी त्यात पेट्रोल, ऑइल, टायर, सगळे तारीखवार लिहून ठेवले आहे. काही नोंदी मला कळल्या नाहीत. १९७९ च्या मे महिन्यात रोज ‘पाणी अर्धा लिटर’ असे लिहिले आहे आणि जूनमध्ये ‘हेड फेसिंग’ असे लिहून रक्कम टाकली आहे. १९८६ च्या उन्हाळ्यात पुन्हा तसेच. त्यानंतर प्रत्येक एप्रिलमध्ये एकच ओळ आहे, ‘गाडी झाकली’, आणि मग थेट जुलै. याचा अर्थ इंजिन कमजोर आहे असा घ्यावा का? गॅरेजवाला याच वहीकडे बोट दाखवून इंजिन बदलाच म्हणत आहे. आमच्या घरी तेव्हा अंगणातल्या विहिरीचे पाणीच सर्व कामांना वापरले जात असे, एवढे सासूबाईंना आठवते.

चोक ओढा यांचे उत्तर

ताई, ती वही गाडीसोबत कधीही कोणाला देऊ नये, आणि गॅरेजवाल्याच्या हाती तर मुळीच नाही. माझ्या मते ती वही गाडीइतकीच महत्त्वाची आहे, आणि दीर भावाविषयी बोलू लागले तर त्यांना असे सांगावे की वहीशिवाय गाडीचा भाव निम्मा आहे. हे अर्थात माझ्या पुस्तकातले गणित आहे, बाजारातले नव्हे.

नोंदींचा अर्थ सरळ आहे. या १०८९ सीसी इंजिनाचे हेड अॅल्युमिनियमचे आहे. इंजिन तापले की असे हेड वाकते, गॅस्केटमधून पाणी सिलिंडरमध्ये किंवा बाहेर जाऊ लागते, आणि म्हणून रोज अर्धा लिटर पाणी. वाकलेले हेड मशीनवर घासून सपाट करतात, तेच फेसिंग. ते दोनदा झाले आहे, म्हणजे हेडची जाडी थोडी कमी झाली आहे आणि कॉम्प्रेशन थोडे वाढले आहे. तिसऱ्यांदा घासायची वेळ आली तर किती शिल्लक आहे हे मोजूनच ठरवावे लागेल.

परंतु हेड हे येथे आजारी पडलेले अंग आहे, आजाराचे कारण नव्हे. सासूबाईंनी विहिरीचे पाणी सांगितले आणि माझी खात्री पटली. आपल्याकडच्या विहिरींचे आणि बोअरचे पाणी जड असते. ते रेडिएटरच्या नळ्यांत आणि ब्लॉकच्या जॅकेटमध्ये क्षार साचवते, पाणी फिरेनासे होते आणि पहिला कडक उन्हाळा येताच इंजिन तापते. त्या काळच्या मिस्त्रींनी दोन्ही वेळा हेड घासून दिले. वहीत कुठे ‘रेडिएटर उकळून साफ’ किंवा ‘रॉडिंग’ (नळ्यांतून सळई फिरवणे) अशी नोंद आहे का, ते पाहावे. नसेल, तर मामंजींनी कारण ओळखले नाही तरी उपाय बरोबर शोधला होता: एप्रिलमध्ये गाडी झाकायची. मी वर दिलेल्या नियमाचे पालन ते माझ्याआधी कितीतरी वर्षे करत होते, आणि हे वाचून माझा ऊर भरून आला.

आता क्रम असा ठेवावा. रेडिएटरचे झाकण काढून टॉर्चच्या उजेडात आत पाहावे. नळ्यांच्या तोंडावर पांढरी किंवा तपकिरी साय दिसली तर रेडिएटर उतरवून कॉटन मार्केटच्या बाजूला एखाद्या जुन्या रेडिएटरवाल्याकडे न्यावा. वरची आणि खालची टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवणारा माणूस हवा, फक्त ॲसिड ओतणारा नको. मूळ पितळी-तांब्याचा रेडिएटर बदलून ॲल्युमिनियमचा घ्या असे कोणी म्हणाले तर ऐकू नये. ब्लॉकच्या बाजूचा ड्रेन नळ उघडून पाहावा. तो बहुधा गाळाने बुजलेला असेल आणि तारेने मोकळा करावा लागेल. वॉटर पंप आणि होज नवे घालावेत. हेड उतरवलेच, तर त्यावर स्टीलची सरळ पट्टी उभी, आडवी आणि तिरपी धरून खालून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकते का ते आपल्या डोळ्यांसमोर पाहावे आणि सपाट असेल तर घासू देऊ नये. पुढे त्यात शुद्ध पाणी आणि कूलंट यांशिवाय काहीही जाऊ नये.

हे सर्व दिवाळीपर्यंत उरकले तर डिसेंबरच्या गारठ्यात रामटेक सहज होईल. गडाचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये, घाई न करता घ्यावा आणि तापमानाच्या काट्यावर लक्ष असावे. वहीतल्या १९७९ आणि १९८६ च्या पानांची छायाचित्रे जमल्यास येथे टाकावीत. मिस्त्रीने तेव्हा किती घासले हे रकमेच्या बाजूला कधीकधी लिहिलेले असते, आणि तो आकडा मिळाला तर गॅस्केट कोणत्या जाडीचे घ्यायचे ते मी सांगू शकेन. तोपर्यंत कोणालाही सेल्फ मारू देऊ नये.